सुपडूची चार ढेकळं

सुपडू, परवा आखाजी, आपली अक्षय्यतृतीया, झाली आणि तुझ्या नावाची पहिली घागर भरली. नवी, लाल, बाहेरून घामेजलेली. तिच्यावर डेरगं, म्हणजे छोटं मडकं, डेरग्यावर आंबा, शेजारी सांजोरी आणि रसाची वाटी. माणूस गेल्यानंतरची पहिलीच आखाजी, म्हणून ब्राह्मणपुरीची तुझी सगळी गल्ली जेवायला होती. दोनदोन वाट्या रस ओरपून मंडळी ओट्यावर टेकली आणि तुझं गुणगान सुरू झालं. मला पदर तोंडावर धरावा लागला. बायका म्हणाल्या, आक्काला भरून आलं. मला हसू आवरत नव्हतं रे.

"पानीना अंदाज घेवा तो सुपडूभाऊनीच," उखा सांगत होता. "त्यानासारखा जाणता मानूस गावमा व्हनार नही."

हा उखा म्हणजे तुझ्या बांधाला बांध लागलेला शेजारी. जन्मभर त्यानं एकच शेती केली: तू काय पेरतोस ते बघायचं आणि घरी जाऊन तेच पेरायचं. त्यानं तुला जाणता म्हणावं यात नवल नाही. आंधळ्या बैलामागून चालणाऱ्याला बैल दिसतो, वाट कुठे दिसते? मी मात्र तुझी थोरली बहीण. कळसाडीला दिलेली असले तरी दर आखाजीला माहेरी येणारी. मला तुझी शेती ठाऊक आहे. पावसाचं तुला ओ की ठो कळत नव्हतं. बाजारभावाचं त्याहून कळत नव्हतं. आणि या दोन न कळणाऱ्या गोष्टींची सांगड घालून तू दरवर्षी पेरणी करायचास.

आमच्या मास्तरांची दौत घेऊन हे लिहायला बसलेय. लग्न होऊन आले तेव्हा त्यांनीच मला अक्षरं शिकवली. ते म्हणाले, गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बरे लिहावेत. मी म्हटलं, आधी खरे लिहिते, मग जागा उरली तर बघू.

तुझं नाव सुपडू का, हे तरी तुझ्या ध्यानात होतं का? तुझ्याआधीची दोन पोरं आईच्या हाती लागली नव्हती. म्हणून तू जन्मलास तेव्हा तुला सुपात घातलं. रिकाम्या सुपात नाही. आधी त्यात ज्वारी पसरली, तिच्यावर फडकं, फडक्यावर तू. सूप हलू नये म्हणून कडेला मला बसवलं होतं. तू हातपाय झाडत होतास आणि फडक्याखाली दाणे वाजत होते. तू जगलास. ज्वारीच्या अंगावर निजून जगलास आणि उभं आयुष्य ज्वारीला नावं ठेवलीस!

आखाजीला मला न्यायला तूच बैलांची दमणी घेऊन यायचास. दुसरी माणसं बहिणीच्या दारात उतरली की पोरांची चौकशी करतात, पाणी मागतात. तू जूवरून पाय खाली टाकायच्या आतच सुरू व्हायचास.

"आक्का, शहादाले कापूस चढी ऱ्हायना. औंदा बठ्ठी कपाशी."

"आन खाशी काय? सरकी?"

"भाव उना की जवारी इकत लेसूत."

हे ‘सगळी कपाशी’चं बोलणं आपण इतक्या वर्षांत इतक्यांदा केलं की आपले बैलसुद्धा ते ऐकून मान हलवायचे. शहाद्याच्या कापसाच्या जिनात तुला कुणीतरी एकदा बसायला खुर्ची दिली होती. तेव्हापासून तू तिथला झालास. तिथला गुमास्ता सांगायचा, मुंबईहून तार आली, भाव चढला. ती तार फाल्गुनातली. तू कपाशी लावायचास आषाढात आणि कापूस घेऊन जायचास मार्गशीर्षात. मधल्या काळात तारेवरून किती पाणी वाहून गेलेलं असेल, हे तुझ्या डोक्यात येत नव्हतं. गेल्या साली ज्याला भाव होता ते यंदा पेरायचं, एवढंच तुझं शास्त्र. तू बी पेरलंच नाहीस कधी. तू शिळा भाव पेरलास.

आणि तू एकटा असतास तरी चाललं असतं. सगळ्या गावाला तीच तार ऐकू जायची. ब्राह्मणपुरीत कपाशी, कळसाडीत कपाशी, तापीकाठापर्यंत जिकडे बघावं तिकडे कपाशी. एक वर्ष आठव. पाऊस अगदी मापात झाला, कीड नाही, रोग नाही. गाड्या भरून तुम्ही सगळे गाणी म्हणत शहाद्याला गेलात आणि भाव जमिनीला टेकला. टेकणारच. सगळ्या गावांनी एकाच दारात माल नेऊन ओतला तर घेणारा मिजास दाखवणार नाही तर काय करणार? घरी येऊन तू म्हणालास, पाऊस जरा जास्तच चांगला झाला. चांगल्या पावसाला दोष देणारा शेतकरी मी तोवर पाहिला नव्हता.

पण खरी मजा पहिल्या लढाईच्या वेळची. बाबा गेले होते, वावर नुकतं तुझ्या हाती आलं होतं. विलायतेत लढाई जुंपली आणि एका सालात भाव असा काही वर गेला की तू वेडा झालास. बाबांनी वर्षानुवर्षं ज्वारीसाठी ठेवलेलं निंबाचं वावरसुद्धा तू कपाशीखाली घातलंस. त्या आखाजीला ढेकळांनीही तुझ्याच बाजूनं कौल दिला. घागरीखाली ढेकळं ठेवतात चार: आषाढाचं, श्रावणाचं, भादव्याचं, आश्विनाचं. रात्रभर घागर झिरपते, सकाळी उचलून बघायचं. जे ढेकूळ जास्त भिजलं त्या महिन्यात जास्त पाऊस. तुझं आषाढाचं आणि श्रावणाचं ढेकूळ भिजून विरघळलं होतं आणि आश्विनाचं खडखडीत कोरडं. कपाशीला याहून काय हवं? वाढायला पाणी आणि बोंडं फुटताना ऊन. गल्लीतली माणसं ढेकळं बघून गेली आणि सगळ्यांनी सरकी काढली.

दसऱ्याला तू मला मुद्दाम बोलावून बांधावर उभं केलंस. वावर पांढरंशुभ्र झालं होतं. "देख," म्हणालास. एवढंच. मी बघितलं. खरंच सुंदर दिसत होतं, आज सांगते. वेचणीसाठी सातपुड्यातून माणसं उतरली होती, निंबाखाली त्यांच्या चुली पेटल्या होत्या. आणि त्याच आठवड्यात पाऊस आला. तुझ्या कोरड्या आश्विनात आला. असा आला की थांबेना. कापूस बोंडांतच भिजून काळा पडला, झाडावरच सरकीला मोड फुटले. डोंगरातली माणसं निंबाखाली ओलीचिंब बसून राहिली आणि मग पोरं पाठीला बांधून परत वर गेली.

मला तेव्हाच शंका आली. ढेकूळ खोटं बोलत नाही असं मी म्हणत नाही. मातीला काय कळतं पुढच्या पावसाचं? पण इतकं साफ, इतकं तुझ्या मनासारखं खोटं? म्हणून पुढच्या आखाजीला मी झुंजूमुंजू उठले आणि तुझ्या पाळतीवर राहिले. तू उपरण्यात काहीतरी घेऊन गोमाई नदीकडून येत होतास.

"हाई ढेकूळ कोठलं शे?"

"वावरनं."

"कोनता वावरनं? हाई तर रेती शे. नदीनी रेती."

तू इकडेतिकडे बघितलंस. "आक्का, जोरथीन बोलू नको. लोके ऐकतीन."

आषाढ-श्रावणासाठी नदीकाठची पोकळ, रेताड ढेकळं, हात लावला की पाणी पिणारी. आश्विनासाठी विहिरीजवळचं, बैलांनी तुडवून दगड झालेलं काळं ढेकूळ, ज्यावर घागर फोडली तरी आत ओल जाणार नाही! मी कपाळावर हात मारला. लोक देवाला फसवतात ते नवस चुकवून. घागरीला फसवणारा माणूस त्रिभुवनात तूच. मी बोलणार तेवढ्यात तूच मला समजावलंस, "देवले बी जरासा हात लावना पडस, आक्का."

आणि खरा कहर पुढे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी घागर उचलली, आषाढाचं ढेकूळ चिखल झालेलं, आश्विनाचं कोरडं, आणि तुझा चेहरा असा उजळला की बस! स्वतःच्या हातानं लावलेली ढेकळं बघून तू हरखलास. टाळी वाजवलीस. उखाला हाक मारलीस. लबाडाला निदान आपली लबाडी ठाऊक असते. तू आदल्या दिवशी लबाडी करायचास आणि दुसऱ्या सकाळी तिच्यावर विश्वास ठेवायचास. मी गावाला सांगितलं नाही. सांगून काय उपयोग होता? माझी खात्री आहे, प्रत्येक घरात कुणी ना कुणी तेच करत असणार. भाव ऐकून पेरणी आधीच ठरलेली असायची. ढेकळांना फक्त साक्षीला बोलवायचे.

मग तो कोरडा श्रावण आला. आषाढात कपाशी वीतभर झाली आणि आभाळ जे मिटलं ते मिटलंच. कपाशी करपली, त्याचं मला काही वाटलं नाही. पण तुझ्या गोठ्यात काडी नव्हती. ज्वारी पेरली असती तर कणसं भरली नसती, तरी निदान वाळला चारा मिळाला असता. तू बैलजोडी घेऊन कळसाडीला आलास. बैलांच्या बरगड्या वाजत होत्या. दमणीही नव्हती, नुसतं दावं धरून पायी आला होतास.

"बैल उपाशी शेतस, आक्का."

"शहादाना भाव खावाड त्यास्ले."

बोलले खरी. तू बैलांच्या पाठीवरून हात फिरवत उभा राहिलास. आमच्या मास्तरांनीच उठून गंजीतल्या पेंढ्या ओढल्या. बैल खायला लागले तेव्हा तू ओट्यावर आलास. मी तुझ्यापुढे भाकरी ठेवली, तू खाल्लीस. दुसरी ठेवली, तीही खाल्लीस. तिसरीचा तुकडा मोडत म्हणालास, "भाकर चांगली शे. पन जवारीमा पैसा नही." मी ताट ओढून घ्यायचीच बाकी होते! मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. माणूस माझ्या ज्वारीवर जगतोय, त्याचे बैल माझ्या ज्वारीवर जगताहेत, आणि मान म्हणून वाकवायची नाही.

एक मात्र लिहिलं पाहिजे, मास्तर म्हणतात त्या चार बऱ्या शब्दांपैकी. निंबाच्या वावरात, अगदी बुंध्याकडच्या कोपऱ्यात, तू कपाशी लावत नव्हतास. भादवा सरता सरता तिथे दादर पेरायचास. हिवाळी ज्वारी, टपोरी, जिची भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. आईच्या हातची आपल्याला लागलेली चव. संक्रांतीच्या सुमारास तिची एक गोणी माझ्या दारात येऊन पडायची. का पेरतोस म्हणून विचारलं तर म्हणायचास, निंबाच्या सावलीत कपाशी वाढत नाही. दादर तरी कुठे सावलीत वाढते? पण तू हेच सांगायचास आणि मीही हेच ऐकून घ्यायचे. गोणी उघडली की मी मूठभर दाणे तळहातावर घेऊन म्हणायचे, यंदा दाणा बारीक आहे. कधीच बारीक नसायचा. तू चिडून निघून जायचास. सुपडू, त्या भाकरीसारखी भाकरी मी दुसऱ्या कशाची खाल्ली नाही. हे तुला सांगायचं राहून गेलं, कारण सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, मग विकत घे.

होळीनंतर तू अंथरुणाला खिळलास तेव्हा मी आले होते. तापानं तुझे डोळे खोल गेले होते. विलायतेत पुन्हा लढाई जुंपलेली, पुन्हा तार, पुन्हा भाव वर. उखा येऊन तुझ्या कानाशी सांगून गेला होता. मला वाटलं, आता तू उठून बसणार आणि म्हणणार, बठ्ठी कपाशी. तू उठला नाहीस. उलट विचारलंस, "आक्का, तुमनाकडे काय पेरी ऱ्हायनात औंदा?"

"जवारी. दुसरं काय पेरसूत?" मी म्हटलं. जरा ठसक्यातच म्हटलं.

तू भिंतीकडे तोंड केलंस. रुसला असशील, असं मला वाटलं. तापलेल्या माणसाशी काय वाद घालायचा, म्हणून मी उठून चुलीकडे गेले. त्यानंतर आपण पेरणीबद्दल बोललोच नाही. आपल्या भांडणाचा शेवट असा अर्धवट राहिला आणि मला त्याचाच राग येतो. इतकी वर्षं भांडायला आलास आणि ऐन निकालाच्या वेळी उठून गेलास.

परवा घागर भरायच्या आधी तुझी बायको गजरा माझ्याकडे आली. पोरी सासरी, घरात पुरुषमाणूस नाही. आता निंबाचं वावर तिलाच पेरायचं आहे आणि तिच्याकडून चूक झाली तर पुढलं अख्खं साल तिनं खायचं काय? ती म्हणाली, "आक्का, औंदा ढेकळे तुम्हीन आना." मी आणली. चारही निंबाच्या वावरातून, नांगराच्या एकाच तासातून, एकाच मुठीची. नदीकडे फिरकले नाही. माझा ढेकळांवर काडीचा विश्वास नाही, पण घागर तुझ्या नावाची होती. तुझ्या नावावर एकदा तरी खरा कौल लागू दे म्हटलं.

काल सकाळी गल्लीतली माणसं जमली. मी घागर उचलली. श्रावणाचं ढेकूळ अर्धं कोरडं आणि आश्विनाचं भिजून बसलेलं. कपाशीला याहून वाईट कौल नाही. मी एकेकाचं तोंड बघत होते. उखानं खाकरून घसा साफ केला.

"सुपडूभाऊ ऱ्हाता तर बराबर सांगता," तो म्हणाला. "ढेकळेस्नं काय! शहादाले भाव चढेल शे. मी तर कपाशीच लावसू."

सगळ्यांनी माना हलवल्या. बघ, सुपडू, तुझी परंपरा बुडणार नाही. तू निदान ढेकळं बदलण्याचे कष्ट घेत होतास. यांना तेवढीही लाज उरलेली नाही. पहिल्या लढाईत भिजलेला कापूस याच उखानं बैलांपुढे टाकला होता आणि बैलांनी तो हुंगून सोडून दिला होता. माणसं उठून गेली, उंबऱ्याशी ढेकळं पडून राहिली आणि कोंबड्यांनी ती उकरायला सुरुवात केली.

गजरा घागरीपाशी तशीच उभी होती. "आक्का, आते तुम्हीन सांगा. निंबना वावरमा काय पेरूत?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, इतक्या वर्षांचं. पण ते ऐकायला तू नव्हतास आणि जिंकायचं कुणाला, तेच मला कळेना. मी नुसतं म्हटलं, "तुन्ह्या मनमा काय शे?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग तुझं नाव न घेता हळूच बोलली. "त्या माले सांगी गयात. निंबना बठ्ठा वावरमा औंदा मूग पेरजो म्हनेत. मूग निंघना की दादर."

"बठ्ठा वावरमा?"

"हां. कोपराच नही. बठ्ठा वावरमा. आन म्हनेत, आक्काले सांगू नको."

मी ओट्यावर बसले. खरं सांगते, मला आधी संशयच आला. तुझा स्वभाव मला माहीत. म्हटलं, दादरचा भाव चढल्याची तार कुठून तरी आली असणार. मी गजराला विचारलं, "कोनले भाव इचारा व्हता का त्यानी?"

"नही, आक्का. उखाभाऊ कापूसना भाव सांगी गया, तेबी त्यास्नी ऐकं नही. तुम्हीन चूलकडे गयात ना त्या दिन, तवय बोलनात."

भिंतीकडे तोंड करून तू रुसला नव्हतास तर. मी चार पावलांवर चुलीशी फुंकणी फुंकत होते आणि तू बायकोला हळू आवाजात, मला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, बाबांचं वावर परत ज्वारीला देत होतास. भाव चढलेला असताना. कुणाला न विचारता. जन्मात एकदाच अक्कल वापरलीस आणि तीही माझ्यापासून लपवून! एवढा कसला रे ताठा? मी काय केलं असतं? हसले असते, दोन दिवस बोलून दाखवलं असतं, मास्तरांना सांगितलं असतं, उखाला ओट्यावर उभं करून सांगितलं असतं. बरं, पुढच्या प्रत्येक आखाजीला सांगितलं असतं. पण तू तरी असतास ना ऐकायला.

मी रडले, सुपडू. या वेळी बायकांना बरोबर वाटलं.

आज सकाळी गजरानं मुगाचं बी उन्हात घातलं. पलीकडे उखा सरकी काढून बसला होता. शेणात घोळवत आमच्याकडे बघत होता आणि बाया पार खुळ्या झाल्या असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. बघू दे. पाऊस कसा पडेल, मला ठाऊक नाही. भावाचं काय होईल, तेही ठाऊक नाही, आणि ज्याला ठाऊक आहे असं तो म्हणतो त्याच्या वाऱ्याला मी उभी राहणार नाही. मूग निघेल, भादव्यात दादर पडेल. संक्रांतीला गोणी माझ्या दारात आणून टाकणारं आता कुणी नाही, तेव्हा मीच येईन. निंबाखाली उभी राहून मूठभर दाणे तळहातावर घेईन आणि नीट बघेन.

दाणा बारीक निघाला तर तुझं काही खरं नाही.